रिकाम्या खोलीची जुळवणी

धुळे, मार्च १९७५

प्रिय मंजुळा,

धुळ्याला बदलीचा अर्ज करू का, असं तू विचारलंस त्याला बरेच दिवस झाले आणि मी गप्पच. राग जामनेरच्या शाळेत मुलींवर काढते आहेस, की माझ्यासाठी जपून ठेवला आहेस?

इथे कॉलेजात लेसर एकदाचा लागला. पण त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी एका जागी राहीना. काचेची नळी तापली की लांबते, निवली की आखडते, आणि तेवढ्यानेही त्या प्रकाशाने पडद्यावर उमटणाऱ्या लाल-काळ्या पट्ट्या सरकतात. म्हणून नळीभोवती हीटरची तार गुंडाळली आणि तापमान पाहून वीज आपोआप कमी-जास्त करणारं सर्किट बांधलं. ते फार चलाख केलं तर उगाच धावपळ करतं, तापमान वरखाली डुलत राहतं. सुस्त केलं तर वरातीमागून घोडं. मधलं प्रमाण सापडेपर्यंत हिवाळा संपला. पंखा बंद, दार बंद, आत मी एकटा. खोलीवर तरी कोण वाट पाहतंय? डब्यातलं भरीत थंडच खातो. तुझी आठवण येते, फार येते.

शेवटी पट्ट्या थांबल्या. मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. मग परवा प्राचार्य पाहुणे घेऊन आले. दार उघडलं, माणसं दाटीने उभी राहिली आणि पट्ट्या लागल्या की पळायला! मी स्क्रू-ड्रायव्हर फिरवत घाम पुसत राहिलो. पाहुणे चहाला गेल्यावर आमचा शिपाई निंबा म्हणाला, "सायेब, याले एकलं ऱ्हावानी सवय पडी जायेल शे." यंत्राला एकटेपणाची सवय! मी हसलो, पण ते हसू टिकलं नाही.

सगळी जुळवणी मी रिकाम्या खोलीत केली होती. माणसांच्या अंगाची ऊब त्या सर्किटला ठाऊकच नव्हती. आता दार उघडं ठेवून, निंबाला शेजारी बसवून पुन्हा पहिल्यापासून जुळवतो आहे.

तुला उत्तर देत नव्हतो ते याच भीतीने. लग्नानंतरही एकटं राहून माझ्या वेळा, माझी शांतता अंगवळणी पडली आहे. तू आलीस तर मी चिडचिड करीन का, आपलं जमेल का, मलाच कळत नव्हतं. अजूनही कळत नाही. पण तू इथे नसताना ते जुळवता येणार नाही, एवढं कळलं. अर्ज टाक. आणि तो मंजूर व्हायची वाट न पाहता या रविवारी एस.टी.ने ये. येताना चहाचं पातेलं आण. इथलं एकट्यापुरतंच आहे.

तुझाच,
अभिमन