गाडी कोण चालवत होतं

३ फेब्रु.
अण्णाची नवी गाडी आली. आपणच ब्रेक लावते, रस्त्यावरच्या रेघांमधून आपणच चालते म्हणे. पट्टीश्वरमला देवीकडे पूजेला नेली. वाटेत अण्णानं दोन्ही हात सोडले. वैनी किंचाळली. "शोरूमवाल्यानं असंच दाखवलं गं," अण्णा हसला. मलाही गंमत वाटली.

८ फेब्रु.
डाव्या हातानं लिहिते. उजवा प्लास्टरात.
काल स्वामीमलैचा रस्ता. मी पुढे, अण्णाशेजारी. तो फोनवर मला आलेल्या स्थळाचा फोटो शोधत होता. कडेला भात वाळत घातलेलं, एक बाई वाकून लोटत होती. गाडी थांबेल असं वाटलं. थांबली नाही.
भात लाल. तिचा पाय चाकाखाली, उलटा वळलेला.
माणसं धावली. अण्णाला ओढून काढलं. तिच्या नवऱ्यानं दगडानं काच फोडली. "यार ओट्टिना?" तो तमिळमध्ये ओरडला. कोण चालवत होतं?
अण्णा म्हणाला, "गाडीच चालत होती."
दगड सरळ तोंडावर. दात रस्त्यात. मी मध्ये पडले, पुढचा घाव माझ्या मनगटावर.

११ फेब्रु.
सेल्वी, त्या बाईचं नाव. पाय कापला. अण्णाचा जबडा तारांनी बांधलाय.
कंपनीचा माणूस म्हणतो, हात स्टिअरिंगवरच हवेत. शोरूमवाला म्हणतो, मी असं दाखवलंच नाही. ब्रेक का लागला नाही? दोघं एकमेकांवर ढकलतात.
वैनी: "सुभा, पोलिसांना सांग, ह्यांचे हात स्टिअरिंगवर होते. ब्रेक लागला नाही हे तर खरं ना?"
खरं. तेवढंच.
मारणाऱ्यालाही ओळखून दाखव म्हणते.

१४ फेब्रु.
घरी न सांगता इस्पितळात गेले. सेल्वी झोपलेली, नवरा मुरुगन उशाशी. माझं प्लास्टर पाहून उठला. वाटलं, पुन्हा मारतो.
"त्याचे हात कुठे होते?"
"फोनवर."
त्यानं भिंतीवर मूठ हाणली. पुन्हा. पुन्हा. बोटं फुटली. सेल्वी दचकून उठली, चादरीवर पाय चाचपायला लागली, आणि ओरडली...
बाहेर आल्यावर तो म्हणाला, "पोलिसांना हेच सांग. मी मारलं तेही सांग."

१५ फेब्रु.
आज जबाब. अण्णाला बोलता येत नाही. सकाळी माझा धड हात धरला, नको नको अशी मान हलवत नखं रुतेपर्यंत आवळला. मी "अण्णा, सोड" म्हणाले. सोडेना. जोरानं हिसकावला तेव्हा तो रडायला लागला, तारांतून नुसता घरघर आवाज.
रिक्षा दारात. वैनी हाका मारतेय.