मैत्रीचा रीटेक

९ जानेवारी २००४, शुक्रवार

बटाटेवडे चांगले होते. बाकी सगळा भंपकपणा!

कुवेतच्या आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी जयदीप — त्यानं फहाहीलच्या आपल्या घरी सगळ्यांना एक माहितीपट दाखवला. एकाच बेटावर दोन देश, हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक. पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. मग दोन्हीकडचे चित्रकार सरहद्दीवर येतात, एक लांबलचक भिंत मिळून रंगवतात, आणि शेवटी गळ्यात गळे. भिंतीवर चित्र म्हणावं असं काही नव्हतं. तरी बायका डोळे पुसत होत्या. चंद्रहास मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतून ड्यूटी करून आलेला, तो सरळ घोरत होता. अख्ख्या खोलीत माझा नवरा तेवढा प्रामाणिक.

दिवे लागल्यावर जयदीप उभा राहिला. "आपणही करूया! भारत-पाकिस्तान! एकच कापड, दोन देशांचे चित्रकार, आणि त्याची फिल्म मी करतो!" टाळ्या. अल-राई भागातला एक बाथरूमच्या टाइल्सवाला कुवेती खर्च करणार, कराचीच्या सहा चित्रकारांना व्हिसाही देणार म्हणे. टाइल्स विकता विकता जगात शांतता!

आणि ते सहाजण निवडायचे मी. कारण मंडळात चित्रकलेचा डिप्लोमा माझ्या एकटीकडे.

१३ जानेवारी

कराचीहून चित्रांचे फोटो आले. कबुतरंच कबुतरं. एकाच्या चोचीत तर पालकाची अख्खी जुडी!

१७ जानेवारी

खालच्या मजल्यावरची मुनिरा घावणे घेऊन आली. रत्नागिरीकडची, अकरा वर्षांपासूनची शेजारीण. चित्रातलं हिला ओ की ठो कळत नाही, आणि आज एकदम शिफारस! "वहिनी, त्या रुकय्याला घ्या ना. माज्यासाठी तेवढा करा."

कोण ही रुकय्या? "अशरफच्या वलखीतली हाय." अशरफ म्हणजे हिचा नवरा. फहाहीलच्या बाजारात त्याचं अत्तराचं दुकान आहे. अत्तरवाले आता चित्रकार पाठवणार!

गठ्ठ्यातून तिच्या चित्राचा फोटो काढून पाहिला. कौलारू घर, पडवी, विहीर, मागे माड. घराच्या दोन भिंती दोन दिशांना पळालेल्या. शिवाय कराचीच्या बाईला कोकणातलं घर सुचलं कुठून? कॅलेंडरवरून उचललंय, दुसरं काय! मुनिराला तोंडावर सांगितलं — चोरीचा माल आणि वर वशिला, माझ्याकडे चालायचं नाही. ती घावणे ठेवून गेली.

१८ जानेवारी

जयदीपचा फोन. "रुकय्याबाईंचं परत एकदा बघता का, ताई?" याच्याकडेही वशिला पोचलेला दिसतो. नाही म्हणजे नाही!

३० जानेवारी, शुक्रवार

ईद परवावर. नाकारलेले फोटो जयदीपला परत करायला निघाले होते, वाटेत मुनिराकडे डोकावले. तिची आई व्हिजिटवर आली आहे रत्नागिरीहून, ऐंशीच्या घरातली. वरचाच फोटो म्हातारीनं माझ्या हातातून घेतला. चष्मा लावला. घरावरून विहिरीवर बोट फिरवत बसली. "ह्या माजा घर... ही आमची बाव... रुकय्यान काढलान?"

मुनिरानं उठून दार लावून घेतलं.

रुकय्या तिची थोरली बहीण. पासष्टच्या लढाईआधी लग्न होऊन कराचीला गेलेली. वडील वारले तेव्हा आली होती, त्याला वीस-बावीस वर्षं झाली. त्यानंतर हिला तिकडचा व्हिसा नाही, तिला इकडचा नाही. अम्मा मार्चअखेर परत जाणार. "परत इमानात बसायची नाय ती, वहिनी. आता नाय तं कवाच नाय."

मग मला सांगितलं का नाही? "पाकिस्तानात बहीन म्हटला का लोकांची तोंडा बदलतात."

रागच आला. अकरा वर्षं एकमेकींच्या घरचं खातोय! पण अकरा वर्षांत माझं तोंड तिनं पुरतं ओळखलं होतं. तिचं काही चुकलं नाही.

३१ जानेवारी

जयदीपला फोन केला. रुकय्याला घे. कारण सांगितलं नाही, ते गुपित माझं नव्हतं. भांडायच्या तयारीतच होते. तर तो म्हणतो, "बरं." बस्स! काल चोर, आज कलावंत, आणि या माणसाला एक प्रश्न पडत नाही. कणाच नाही!

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं एकदाचं मैत्रीचं लग्न. मंडळाच्या बायका पैठण्या नेसून, टाइल्सवाल्याचा बोर्ड कापडाहून मोठा. कराचीची मंडळी विमानतळावरून थेट हॉलवर.

रुकय्यानं पुन्हा तेच घर काढलं. भिंती पुन्हा पळाल्या. मुनिरानं तिला चहा दिला — "लीजिए आपा," हिंदीतून, परक्यासारखा! अम्मा पहिल्या रांगेत, हात मांडीत गच्च धरून. मायलेकी एकमेकींकडे बघत नव्हत्या. आणि या मूर्ख जयदीपला तेव्हाच सुचलं. "आजी, या पाकिस्तानी पाहुणीला मिठी मारा बरं. फिल्मसाठी!"

मारली. म्हातारी तिची पाठ चाचपत होती. जयदीप ओरडला, "कॅमेरा हलला! परत!" परत मारली. "अजून एकदा, प्लीज!" मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मागून कोणीतरी म्हणालं, "परकीला कशी जवळ घेतेय बघा!" मी रडत होते. ब्रश धुवायच्या निमित्तानं आत गेले.

१२ मार्च

फिल्म दाखवली. ती मिठी संपता संपत नाही. मग जयदीपचं भाषण, कलेच्या ताकदीवर. या माणसाची कीव येते.

१३ मार्च

राहवलं नाही. जयदीप वायरी गुंडाळत होता, तिथे जाऊन म्हटलं, तुझ्या फिल्मपायी तू कोणाला तीनतीनदा नाचवलंस, पत्ता तरी आहे का?

"आहे ना, ताई. अशरफभाईंनी नोव्हेंबरातच सांगितलं होतं. शब्द दिला होता, म्हणून बोललो नाही. हे सगळं त्या मायलेकींसाठीच तर काढलं."

आणि कॅमेरा?

"कॅमेरा कुठला हलतोय! पण इतक्या वर्षांनी एका मिठीत भागतं का?"