तोफांच्या वाटेतलं घर

वेल्डहूक, अँटवर्पच्या तटाबाहेर
२६ नोव्हेंबर १८७१

चि. आर्नाउट,

ताईचे आशीर्वाद. ब्रसेल्समध्ये तू जनरल आणि युद्धमंत्री असशील, इथे मात्र चिरंजीवच राहणार. माझी तब्येत ठीक आहे. तुझ्या खोकल्याबद्दल तू कधी खरं लिहीत नाहीस, म्हणून सोबत लोकरीचे मोजे आणि नासपतीचा पाक पाठवते आहे. मोजे संसदेतही घालून बस. बुटाच्या आत कोण बघतंय?

गावची खबर म्हणजे जत्रेतली धनुष्यबाणांची स्पर्धा. उंच खांबाच्या टोकावरच्या लाकडी पक्ष्याला यंदा तुझं नाव दिलं होतं. मग काय, ज्यांना आयुष्यात धनुष्य धरता आलं नाही तेही रांगेत उभे राहिले. पण वारा असा सुटला की पक्षी कुणालाच पाडता आला नाही. शेवटी रोंबाउट सुतार धनुष्य खाली ठेवून म्हणाला, "लेकाच्याने स्वतःभोवतीसुद्धा तट बांधून घेतलाय." मीही हसले. तू रागावू नकोस. ज्यांच्या परसातून तुझी रेषा गेली, त्यांनी वर्षातून एकदा एवढी गंमत केली तर बिघडलं कुठे?

त्या रेषेचा नियम मला प्रार्थनेसारखा पाठ आहे. तटावरच्या तोफांसमोरची जागा मोकळी हवी, म्हणून तिथे नवी वीट बसवायची नाही. बांधायचं ते लाकडात, शत्रू आला की झटपट जाळता येईल असं. जुनी घरं राहू द्यायची, पण डागडुजी विटेची नाही. तू तेव्हा नुसता कप्तान होतास, नकाशा मात्र तुझ्याच हातचा. आपलं घर रेषेत आलं तेव्हा बाबा म्हणाले, "पोराने तोफ बापाच्याच दारावर रोखली." मग मरेपर्यंत तुझ्याशी बोलले नाहीत.

मागच्या दोन पत्रांत तू विचारलंस, "भिंत झाली का?" आणि दोन्ही वेळा मी तुला पावसापाण्याचं लिहिलं. आता लिहिते.

उन्हाळ्यात मी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला पोट सुटल्याचं कळवलं, ते आपलं बोलता बोलता. तू मनावर घेशील असं वाटलं नव्हतं. ऑक्टोबरात, रविवारची प्रार्थना आटपून लोक चर्चमधून बाहेर पडत असताना तुझा घोडेस्वार आला. सगळ्या गावासमोर सलाम ठोकून त्याने मोहोर लावलेला कागद माझ्या हाती दिला. कुमारी गोदेलीव यांना भिंत विटांनी बांधून घेण्याची खास परवानगी. खाली तुझी सही. अरे, सही करताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही का?

समोरच नेला उभी होती, पाववाली. तिचा नवरा गेला त्या साली तिने भट्टीमागे विटांची बुटकी भिंत घातली, तर सैनिकांनी कुदळी आणून ती पाडली. त्यांच्याकडेही कागदच होता. त्या रविवारी नेला चर्चबाहेरून सरळ भट्टीकडे गेली. संध्याकाळी रोजच्यासारखा पाव घेऊन आली आणि दारात थबकून म्हणाली, "तुम्हाला भाऊ आहे, बाई. बरं असतं." टोमणा मारला असता तर मी परतवला असता. पण तिने टोमणा मारलाच नाही, आणि तेच मला सोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी रोंबाउट आला. म्हणाला, "काय बाई, गवंड्याला सांगू की मीच येऊ?" रस्त्यावर दहा-बारा माणसं उगाचच रेंगाळत होती. संसदेत तुझे विरोधकही असेच टपून बसलेत हे मला ठाऊक आहे. गावाला लाकूड आणि बहिणीला वीट, एवढं त्यांना कळलं असतं तर तुझी खुर्ची गेली असती. खुर्चीचं मला फारसं काही नाही. तुझं नाव गेलं असतं. मी म्हटलं, "तू ये."

तो टेकू लावत होता त्याच आठवड्यात वादळ झालं. भिंत पडली आणि तिच्या मागोमाग छप्पर बसलं. मी नेलाकडे होते, मला ओरखडाही आला नाही. पण आपलं घर गेलं, आर्नाउट. मी खूप रडले.

भिंत कोणती ते तुझ्या लक्षात आलंच असेल. लहानपणी तू जिच्यावर कोळशाने किल्ला काढलास, ती. त्याच सुमारास ओढा अडवून बाबांची कोबी बुडवलीस, म्हणून मार खाल्लास. बाबा अखेरपर्यंत तुझ्यावर रागावलेले होते असं तू धरून चालतोस. मग ऐक. दर वसंतात घराला चुना लावताना ती एक भिंत ते मला लावू देत नसत. स्वतः कुंचला घेऊन तुझ्या किल्ल्याच्या कडेकडेने लावत. बुरुजावर थेंब उडाला तर ओल्या फडक्याने टिपत बसत. मला बजावायचे, "त्याला कळवलंस तर याद राख." भिंत पडली, तशी मीही त्या शपथेतून सुटले.

घर पुन्हा उभं राहिलंय, फळ्यांचं. तुझ्या पक्ष्यावर नेम धरणारे सगळे राबले. नेलाने त्यांना बेदाण्यांचा पाव खाऊ घातला. फटींतून वारा येतो, पण लोकही येतात, पूर्वी येत नसत. तटाकडची खोली तुझी. शत्रू आला तर खुशाल काडी लाव, मी बादली घेऊन उभी राहणार नाही. पण तोवर त्या खोलीत कुणी झोपायला नको का?

परवानगीचा कागद सोबत आहे. तुझ्याच हाताने फाड.

एक गुन्हा मात्र घडलाय. ढिगाऱ्यातली एक वीट मी तुझ्या खिडकीत ठेवली आहे. तिच्यावर तुझ्या बुरुजाचं टोक आहे आणि कडेने बाबांचा चुना. नव्या घरात वीट चालत नाही, मला माहीत आहे. पण घोडेस्वार पाठवू नकोस, त्याला मी ती देणार नाही. जप्त करायची तर मंत्र्यांनी जातीने यावं.

तुझ्या तोफांच्या आड न येणारी,
तुझी ताई
गोदेलीव