मूसच्या कळपास बहारीनचा पाठिंबा

प्रिय निकोल,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ तीव्र निषेध. आशीर्वाद सर्वस्वी तुझे आहेत. निषेधाचे वाटप पुढे यथाक्रम करतो. मी सध्या इतका संतप्त आहे की आमच्या बहारीनमधल्या सीफच्या कचेरीतील वातानुकूलन यंत्रणाही माझ्यापुढे हतबल झाली आहे. तीन आठवडे तू मम्मीचा फोन उचललेला नाहीस. माझा उचलतेस, "हाय डॅडी, बिझी" एवढे उच्चारतेस आणि अंतर्धान पावतेस. म्हणून हे पत्र, आणि तेही मराठीत, कारण इंग्रजीत मला नोकरी करता येते, संतापता येत नाही. तुला वाचता येते हे मी जाणतो. सलमाबादच्या गॅरेजमध्ये आपली जुनी गाडी दुरुस्त होईपर्यंत टायरवर बसवून बाराखडी मीच तुझ्याकडून गिरवून घेतली होती.

पहिला निषेध कॅनडातील तुझ्या शेजारच्या प्रांताचा. मी वसईचा माणूस. मूस हा प्राणी मी आजन्म पाहिलेला नाही. तू पाठवलेल्या छायाचित्रांवरून तो घोड्याहून उंच, पायांना काठ्या बांधल्यासारखा, डोक्यावर दोन पराती तोलत चालणारा आणि मुद्रेने अत्यंत खिन्न असा हरिणकुलोत्पन्न जीव दिसतो. आमच्या हिशेब विभागाच्या प्रमुखांशी त्याचे साम्य विलक्षण आहे. असो. तुझ्या प्रांतात मादीवर आणि पिलावर गोळी झाडण्यास बंदी, नरांसाठी मोजके परवाने, तेही सोडत काढून. गोचिडांनी सलग दोन हिवाळे कळप पोखरला आणि तुझ्या वन्यजीव खात्याने, म्हणजे तुम्ही, विमानातून गणना केलीत तेव्हा मातांच्या मागे पिले दिसेनात, म्हणून हा संयम. इथवर सर्व शास्त्रशुद्ध. परंतु नदीच्या पैलतीरी दुसरा प्रांत, आणि तेथे मादीही चालते, पिलूही चालते, हंगामही लांब!

आम्ही येथून पुलावरून सौदीला जातो तेव्हा पासपोर्टावर शिक्का, गाडीचा विमा, डिकीची तपासणी, एवढे सोपस्कार होऊनही पलीकडे मी मर्विनच राहतो. तुझी गर्भवती मूस मात्र नदी पोहून जाते, आणि काठावर अंग झाडताक्षणी 'संरक्षित माता' या पदावरून 'रात्रीचे जेवण' या पदावर तिची बदली होते. तुम्ही अलीकडे जपायचे आणि त्यांनी पलीकडे टिपायचे, याला वन्यजीव व्यवस्थापन म्हणत असतील, तर आपण जमवायचे आणि दुसऱ्याने खिसा कापायचा, यालाही काटकसर म्हणावे लागेल. एक कळप, एक गणना, दोन्ही काठांना एकच नियम, हा तुझा प्रस्ताव मला अक्षरन् अक्षर पटला होता. तो सरकारी संकेतस्थळावर लोकांच्या मतांसाठी खुला झाला, आणि येथून पुढे आपल्या कुटुंबाचा इतिहास सुरू होतो.

तुला फक्त परिणाम ठाऊक आहे; प्रक्रिया ऐक. मम्मी शुक्रवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात मोबाईल घेऊन उभी राहिली. तुझ्या व्हॅलेरी आंटीने, जिच्या घरी त्याच दुपारी कोकराचे मटण रटरटत होते, छायाचित्र पाहून हंबरडा फोडला, "पिल्लाला मारतात? शी! दे इकडे, कुठे दाबायचं?" पुढे गाडीच्या ब्रेकसाठी आम्ही सलमाबादला मुख्तारच्या सुट्या भागांच्या दुकानी गेलो, तर मम्मीने तेथेही व्याख्यान दिले. मुख्तार पडला रत्नागिरीचा. प्रथम म्हणाला, "भाभी, हा हलाल हाय काय?" मग दोन काठांचे दोन कायदे ऐकून गल्ल्यावरून उठलाच. "म्हंजे आमच्यासारखाच झाला की! आम्ही पावसाळ्यात होड्या वर ओढून गप बसायचा, आणि शेजारच्या बंदरातल्यांनी येऊन समोरूनच मासळी भरून न्यायची! यल्ला भाभी, घाला माझं नाव. घरच्या सगळ्यांची घाला. अम्मीचं पण." अम्मीने आयुष्यात शेळीपेक्षा मोठे जनावर हाकललेले नाही, तिचे मत नोंदवले गेले. माझेही गेले.

संकेतस्थळाने प्रत्येकाचा पोस्टकोड मागितला आणि आमचे सर्व आकडे नाकारले. आता, बाळ, तू या देशात वाढलेली आहेस. येथे कोणाच्या दारी पोस्टमन येतो? वसईहून येणारी माझी पत्रे वर्षानुवर्षे कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये आली. त्याच बॉक्सवर आपल्या अर्ध्या इमारतीच्या बारशा-लग्नांची निमंत्रणे यायची आणि मी ती जिन्यात उभा राहून वाटायचो. ज्याच्याकडे पत्ता असेल त्याने तो इतरांना द्यावा, ही येथील साधी माणुसकी आहे. मम्मीला कॅनडातील एकच पत्ता तोंडपाठ होता. तिने तो सर्वांना दिला. परिणामी, तुझ्या एका खोलीच्या घरात शंभराच्या आसपास सज्ञान नागरिक, मुख्तारच्या अम्मीसह, नांदतात आणि सर्वच्या सर्व तुझ्या प्रस्तावाच्या बाजूचे आहेत, असे सरकारदरबारी सिद्ध झाले.

दुसरा निषेध तुझ्या खात्याचा. एवढी मते तूच रचलीस असा संशय त्यांनी घेतला, तुला त्या कामावरून दूर केले आणि प्रस्ताव पुढच्या वर्षावर ढकलला. ज्या मुलीने बर्फात गुडघाभर उभे राहून शेण गोळा केले, तिच्यावर कारस्थानाचा आरोप! कारस्थान करायचे तर कोणी स्वतःच्या घरचा पत्ता देतो का? एवढा प्रश्न विचारण्याइतकी बुद्धी त्या समितीतील एकाही शिंगधाऱ्याजवळ नसावी? यंदाच्या हंगामात पैलतीरी पिले पडतील, आणि त्यांचे दुःख तुला झोपू देत नाही, हेही मला कळते. तुझा क्रोध न्याय्य आहे. मम्मीने घोटाळा केला, महाघोटाळा केला. याबाबत मी तिची वकिली करीत नाही.

तिसरा निषेध मात्र तुझा. तू शेवटच्या फोनवर तिला म्हणालीस, "यू वॉन्टेड मी टू फेल, मम्मी." म्हणजे तू हरावेस, तुझी नोकरी जावी आणि तू बहारीनला परत यावेस, म्हणून तिने हे जाणूनबुजून केले. तिने फोन टेबलावर उपडा ठेवला आणि भाजी निवडायला बसली. मेथीची पाने टाकून काड्या पातेल्यात भरल्या. मी त्या मुकाट्याने खाल्ल्या. निकोल, तू शास्त्रज्ञ आहेस. ती दोन वर्षे तुझ्या परतीसाठी प्रार्थना करीत होती, एवढ्या एका पुराव्यावर तू निष्कर्ष काढलास. प्रार्थना करीत होती, हे खरे आहे. प्रार्थनेवर थांबली नव्हती, हे तुला माहीत नाही.

ते सांगायला हे पत्र लिहितो आहे, आणि सांगणार नाही अशी तिने माझ्याकडून घेतलेली शपथ मोडतो आहे. तिच्या हॉस्पिटलातील हमीदाबाईंचे दीर येथे वाळवंटी हरणांच्या संगोपन केंद्रावर अधिकारी आहेत. त्यांना कळपासाठी जीवशास्त्रज्ञ हवा होता. मम्मीने तुझी सगळी माहिती त्यांना दिली होती आणि त्यांनी जागा तुझ्यासाठी धरून ठेवली होती. ईस्टरला तू येशील तेव्हा समोरासमोर सांगायचे, असा बेत होता. तुझ्या खोलीसाठी पडदेही आणून झाले होते. मग प्रस्ताव खुला झाल्याचे सांगायला तू फोन केलास, आणि त्या संपूर्ण फोनभर तू हसत होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्यासमोर, चहा गार होऊ देत तिने हमीदाबाईंना फोनवर सांगितले, "नको हो. तिचं काम तिकडेच आहे. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या." पडदे दुकानात परत केले. त्यानंतरच्या शुक्रवारी ती चर्चच्या अंगणात उभी राहिली. तेव्हा फोन कर, मला नव्हे, तिला. हे तुला कळले आहे असे दाखवू नकोस. आवाजात दया आणलीस तर ती तत्काळ ओळखेल. सरळ मूसविषयी विचार. गोचिडांपासून शिंगांपर्यंत तिने सगळे पाठ केले आहे, आणि ऐकायला घरात फक्त मी आहे.

तुझाच, तीन निषेध नोंदवूनही तुझ्याच पक्षाचा,
डॅडी