पीएफच्या फॉर्मवर आईचं नाव

अण्णा, बेंगळुरातल्या तुमच्या गिरणीत पीएफ लागू झाला तेव्हा तुम्ही दोन दिवस घरात धड बोलला नव्हतात. म्हातारपणासाठी म्हणून पगारातून दर महिन्याला थोडे पैसे कापणार, त्यात गिरणीही आपले घालणार, आणि कामगाराला विचारायचंसुद्धा नाही! "माझे पैसे सांभाळायची मला अक्कल नाही का?" तुम्ही पानावर बसून म्हणालात. आई भातावर पातळ सारू वाढता वाढता म्हणाली, "कापू देत की. हातात आले तर राहतात का?" तुम्ही भात तसाच टाकून उठलात.

फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून शनिवारी मला ऑफिसात घेऊन गेलात. मी तेव्हा आठवीत. कानडी क्लार्क समजुतीनं म्हणाला, "नको म्हणता येत नाही, अण्णा. सगळ्यांचं आपोआपच होतं. स्वल्प, जरा इकडे बघा, तुमच्यामागे पैसे कुणाला द्यायचे?" "बायकोला." "सरी, ठीक. त्यांचं नाव?" जिला जन्मभर 'अगं' म्हणून हाक मारली, तिचं नाव चारचौघांत घ्यायचं! तुमचे कान लाल झाले. मला कोपरानं ढोसून पुटपुटलात, "तू सांग." मी सांगितलं. बाहेर आल्यावर माझ्यावरच खेकसलात, "एवढं ओरडायला काय झालं होतं?" आणि मग हॉटेलात नेऊन मला मसाला दोसा खाऊ घातलात. स्वतः नुसती कॉफी प्यायलात.

सात वर्षांनी तुम्ही कामावरच कोसळलात आणि गेलात. मामा आम्हांला त्याच्या गावी, आनेकलला न्यायला आला, माझं कॉलेज सुटल्यातच जमा होतं. तेवढ्यात ऑफिसातून बोलावणं आलं. अजून दिसतं मला: आई टेबलाशी उभी आहे, क्लार्क तिचं पूर्ण नाव वाचतोय, आणि दुसऱ्याच कुणाचं नाव असावं तशी ती माझ्याकडे बघतेय. त्या पैशांवर आम्ही बेंगळुरातच राहिलो. मी शिकले, शाळेत नोकरीला लागले.

त्या दिवशी परतताना बसमध्ये आईनं हळूच विचारलं, "फॉर्म भरताना त्यांनी माझं नाव घेतलं?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. चांगलं मोठ्यानं."

तुम्ही गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली. पुढे शेजारच्या अक्कांनाही ती हे कौतुकानं सांगायची आणि मी मान डोलवायची. हे पत्र कुठल्या पेटीत टाकू, अण्णा? आई जाईपर्यंत मी तिला खरं सांगितलं नाही.