लाख्या बैलाचा विश्वासघात

४ मार्च १९५७, अमरावती
ही वही कोणी वाचायची नाही, म्हणून खरे लिहितो. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसरच्या कोर्सला नाव घातले. मलमपट्टी, औषध पाजणे, बैल पाडणे, सगळे शिकवतात. बाबा म्हणाले, भटजीचा मुलगा शेणात हात घालणार. पास झालास तर मोकळा, नापास झालास तर दुसऱ्या दिवसापासून पळी-पंचपात्र उचलायचे आणि माझ्यामागे पूजा सांगायला यायचे. कबूल केले. नापास व्हायचा प्रश्नच नाही. जनावरांना माझी उपजत ओढ आहे.

५ मार्च
म्हशीने लाथ मारली. ओळख नव्हती म्हणून.

१९ मार्च
खुशालराव मास्तरांनी बैल पाडून दाखवला. शिंगांना दोर, छातीला वेढा, पोटाला वेढा, मागून ओढले की बैल पाय मुडपून खाली येतो. मी ओढले तर गाठ सुटली आणि मीच खाली आलो. दोर जुना होता. देवमन फार हसला. हा शेंदूरजनाघाटचा, संत्र्याच्या बागवाल्याचा मुलगा, माझ्याच बाकावर बसतो. सुटल्यावर म्हणे, ये, तुले गाठ शिकवतो. म्हटले, काही गरज नाही. बागवाल्याकडून मी काय शिकायचे?

२ एप्रिल
शोध लागला. दवाखान्याच्या लाख्या बैलाला गूळ जीव की प्राण. बसला की खडा द्यायचा. हे पुस्तकात नाही, हे पुस्तकाचे दुर्दैव.

२० एप्रिल
लाख्या आता पाठीवर नुसता दोर टाकला की बसतो. गाठीपर्यंत वेळच येत नाही. मास्तर लांबूनच म्हणाले, हात हलका झाला तुमचा. खुलासा केला नाही. मोठ्यांना उलटून बोलू नये.

३ मे
पहिल्या येणाऱ्याला अकोल्याच्या दवाखान्यात नेमणूक. ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने 'अकोला' लिहवून घेतले. देवमनला गुळाचे सांगावे असे मनात आले होते. पण ज्याचा अभ्यास त्याने करावा.

१७ जून. परीक्षा.
घात झाला. बैल चिठ्ठ्या टाकून वाटले. लाख्या देवमनकडे गेला. मला कुठला तरी आडदांड पांढरा. मास्तरांना म्हटले, मला माझा बैल द्या. ते म्हणाले, तो सरकारचा आहे.

देवमनने दोर टाकला मात्र, लाख्या बसला. परीक्षक साहेब खूश. मी म्हटले, झाले, माझ्या गुळावर हा पहिला येणार. तर तेही याला पचेना. म्हणतो, सायेब, म्या वढलंच नाई, हा आपल्याच मनानं बसला, मले दुसरा बैल द्या. कोणी विचारले होते याला? साहेबांनी विचारले, बैलाला ही सवय कोणी लावली? मी कडुनिंबाकडे पाहत होतो. लाख्या उठला, सरळ माझ्यापाशी आला आणि सगळ्यांदेखत माझ्या खिशात तोंड घातले.

देवमनने माझाच पांढरा मागून घेतला आणि पाडला. मग माझी पाळी. पांढरा उभाच राहिला, मी दोरात गुंतलो. सोडवायलाही देवमनच.

आईचा डोळा चुकवून घरचा गूळ चारला या बैलाला. एवढा दगा माणूससुद्धा देत नाही. देवमन सोडून.

१८ जून
सकाळी उठलो तर पळी-पंचपात्र चिंचेने लख्ख घासून ठेवलेले. आईला विचारले, केव्हा घासलेस? म्हणाली, परवा. म्हणजे परीक्षेच्या आधी. रडू आले. निदान आईने तरी थांबायला हवे होते.

६ जुलै
देवमन अकोल्याला निघाला. ट्रंक मागायला आला, म्हणे तुझ्या ट्रंकेवर गावाचं नाव आहेच. काय माणूस आहे. दिली नाही. स्टँडवर नेऊन दिली.

२५ ऑगस्ट, पोळा
दवाखान्यातून बैलांच्या पूजेचा निरोप आला. बाबांचा गुडघा नेमका आजच दुखायला लागला. मी गेलो. धोतर, उपरणे, हातात ताम्हण. दवाखान्यात मान वर करून हिंडलो. इथली माहिती असलेला भटजी दुसरा कोण मिळणार?

लाख्याला झूल, शिंगांना बेगड. कुंकू लावायला पुढे झालो, खांद्यावरचे उपरणे घसरून त्याच्या पाठीवर पडले. लाख्या बसला. झुलीसकट, रांगोळीवर. मिरवणूक खोळंबली. चार माणसांनी ओढला, हलेना. शेवटी नैवेद्यातला गूळ दिला, तेव्हा उठला.

खुशालराव मास्तर म्हणाले, भटजी, तुमच्याइतका हलका हात अजून नाही पाहिला. सगळे हसले. लाख्या तेवढा हसला नाही. तो माझा खिसा शोधत होता आणि धोतराला खिसा नसतो.

पुढच्या पोळ्यालाही मलाच बोलावणार आहेत. म्हणजे दवाखान्यात नेमणूक झाली म्हणायची, वर्षातून एक दिवस.