आधी कान

४ नोव्हें., मंगळ.
आईला हार्टच्या डॉ.कडे नेलं. हृदयाची झडप आखडलीय. मांडीच्या शिरेतून नवी बसवता येते, शहाऐंशीव्या वर्षीसुद्धा. खर्च दांडगा. डॉ. सगळं माझ्याशीच बोलले. आई नुसती आमच्या तोंडांकडे बघत होती, तिला ऐकूच येत नाही. घरी येऊन कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. वाचून म्हणाली, "इतका खर्च? काहून?" आणि मेथी निवडायला बसली.

७ नोव्हें., शुक्र.
मी त्रेसष्टची. दरवर्षी तपासण्या, विम्याचा हप्ता, गुडघाही बदलून झाला. दुखायच्या आधीच पैसे भरून मोकळी. आईनं मात्र आमची बाळंतपणं सोडली तर दवाखान्यावर काही घालवलंच नाही. सुंठ नि शेक.
पुण्याहून सुधीरदादा: "तिला काय विचारतेस? तारीख घेऊन टाक." बरोबरच आहे. पण…

१० नोव्हें., सोम.
आईनं स्वतःची एफडी मोडायला लावली. मला वाटलं, मानली एकदाची! बँकेतून निघालो तर रिक्षावाल्याला म्हणते, "भैया, गोरखपुर मार्केट चलो. कान की मशीन वाली दुकान."
दोन्ही कानांची घेतली, तीही चांगल्यातली. माझा पैसा नको म्हणाली. मशीन लागल्यावर तिनं पहिलं ऐकलं ते माझं चिडणं: "आणि हृदयाचं काय, आई?"
"आधी कान. तुम्ही सगळे माझ्या डोक्यावरून बोलून राहिले. काय बोलता ते कळू तर दे."


१३ नोव्हें., गुरु.
कुकरच्या शिट्टीला दचकते. सकाळी म्हणाली, "तू इतकी ओरडून काहून बोलते?" इतक्या वर्षांची सवय! दोघी खूप हसलो. जिना चढून आल्यावर मात्र बराच वेळ धापा टाकत होती.

१७ नोव्हें., सोम.
परत डॉ.कडे. आईनं मला बाहेर थांबवलं. दार अर्धवट उघडं, तिचा आवाज येत होता. "डॉक्टर साहब, नहीं करवाया तो क्या होगा? सच बताइए. और करवाया, तो अपना काम खुद कर पाऊँगी?"
इतक्या तपासण्या केल्या मी, एकदाही असं विचारलं नाही. रिपोर्ट घ्यायचे, घरी यायचं. काय बाई आहे ही!  
बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा विचारलं, काय ठरवलंस?
"घरी चल. सुधीरला फोन लाव. मीच बोलते."
लावून दिला. गॅलरीत गेली, दार लोटून घेतलं. अजून बोलून राहिलीय.